वरच्या गल्लीतील रिकामी जागा

तापीचा पूर ओसरला तेव्हा खालच्या गल्लीच्या जागी नुसता गाळ उरला होता. वरच्या गल्लीत पाणी कमरेएवढे चढले, तरी घरे उभी राहिली. मात्र भिजलेली मातीची धाबी, म्हणजे सपाट छपरे, मागाहून एकेक करून खचली. तशाच एका धाब्याखाली एक अख्खे कुटुंब गेले. त्यांना अग्नी देण्यास सगोत्र कोणी उरला नव्हता, म्हणून ते कर्म गावच्या देवळाचा पुजारी या नात्याने मी केले. लाकडे ओली होती. त्याविषयी अधिक लिहवत नाही.

पुढे सरकारने नदीपासून दूर माळावर नव्या गावासाठी जागा दिली. तालुक्याहून मोजणीदार आला आणि म्हणाला, "राहायचे तुम्हांला आहे. कोणाचे घर कुठे, ते तुम्हीच ठरवा." आजवर आम्हांला असे कोणी विचारले नव्हते. सारा गाव एकत्र बसला आणि एकच मागणी पुढे आली : जुन्या गावात ज्याच्या शेजारी जो होता, तोच इथेही असावा. "आमना शेजार आमले जशाना तसा पाहिजे," असे म्हणताना पिकलेल्या मिशांची माणसे रडत होती. खालच्या गल्लीने तर सर्वांआधी हात वर केले. त्याप्रमाणे नकाशा झाला, आणि त्यावर घरोघरचे अंगठे उमटले.

माळ सपाट नव्हता. देवळासाठी राखलेल्या उंचवट्यापासून तो उतरत नाल्यापर्यंत जाई, आणि नाला तापीला मिळे. नाल्याकाठच्या बाभळींच्या बुंध्यांवर पुराच्या गाळाची रेघ वाळून राहिली होती. जुना क्रम राखल्यामुळे खालची गल्ली पुन्हा खालीच आली. वरच्या गल्लीत त्या निर्वंश झालेल्या घराची जागाही क्रमाने आली व रिकामी राहिली. मृत शेजाऱ्याची जागा दुसऱ्यास द्या, असे म्हणण्यास कोणाची जीभ रेटेना.

आमच्याकडे घराची खुंटी ठोकताना तिच्याखाली जुन्या चुलीची मूठभर माती पुरतात. खुंट्या ठोकण्याच्या सकाळी गाळातून उकरलेली ती माती घेऊन जो तो आपल्या जागी उभा होता. खालच्या गल्लीतल्या कुंभारणीजवळ मात्र ती नव्हती. तिचे घर काठासकट नदीत गेले होते, आणि घराबरोबर नवरा व मुलगाही. उरलेल्या मुलीला कडेवर घेऊन ती नाल्याकाठची आपली जागा सोडून वर आली, त्या रिकाम्या जागेत उभी राहिली आणि तिने मूठ उघडली. आत चुलीची काळी माती होती. त्या निर्वंश कुटुंबाच्या पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून तिने ती खणून आणली होती.

"मरेलना घरमा कोनी ऱ्हास का, बाई?" मेलेल्यांच्या घरात राहण्याची कल्पना न सोसून पाटील ओरडले.

"जित्तास्नी माले नालाकाठे धाडं, पाटीलबाबा. मरेल तरी नही म्हनतस का, इचारी दखा!"

मग पाटील माझ्याकडे वळले. "महाराज, शास्तर काय म्हनस?"

मी म्हणालो, "मृतांना भूमी लागत नाही, तीळ आणि पाणी लागते. ज्यांचे कोणी उरले नाही, त्यांना कोणीही पाणी द्यावे, अशी तर्पणात सोय आहे. बाई, तू देशील?"

"पानी?" ती हसली. ते हसू पाहवले नाही. "पानी ते माले डोयाभर शे, महाराज."

मी मंत्र म्हटले. तिने ओंजळीतून तिळांसह पाणी सोडले व माती पुरली. पाटलांनी स्वतः खुंटी धरली आणि तिने दगडाने ती ठोकली. वरची जमीन मुरमाड होती. खुंटी सहज जाईना.

तो आवाज ऐकून खालची गल्ली वर येऊन उभी राहिली. प्रत्येकाच्या मुठीत माती होती. त्यांतला सर्वांत म्हातारा पुढे झाला आणि हात जोडून अगदी हळू म्हणाला, "महाराज, वरली गल्लीमा आखो कोनी मरेल व्हतं का?"

मी पाटलांकडे पाहिले. पाटलांनी मोजणीदाराकडे पाहिले. तो नकाशा गुंडाळीत होता.

"नाही, बाबा, आणखी कोणी मेले नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि तो उतार उतरून आपल्या जागी गेला. दगड घेण्यासाठी तो वाकला, पण दगडाची गरज पडली नाही. तिथली माती इतकी मऊ होती की हाताने दाबताच खुंटी पुरती आत गेली.