तेलतात्या आणि वीस किलोचं चाक

कुठं काही कुरकुरलं की त्यांचा हात आधी खिशात जायचा. खिशात तेलाची बुधली. कारखान्यात लेथ यंत्रावर चाळीस वर्षं काढलेला माणूस! दाराची बिजागरी असो की शेजाऱ्याची कात्री, थेंब सोडल्याशिवाय चैन पडायचं नाही. सगळी गल्ली त्यांना तेलतात्या म्हणायची. बायको म्हणायची, "माझेही गुडघे कुरकुरतात, सोडा की थेंबभर!" आणि एक दिवस खरंच तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर पाय काही वाकेना.

"सहा आठवडे रोज सायकल," व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज थोडी जड करायची. गुडघा वाकला नाही आणि पायात जोर आला नाही, तर पुन्हा ऑपरेशन." बायकोनं तात्यांचा हात असा घट्ट धरला की नखं रुतली.

तात्यांनी एका बंद पडलेल्या व्यायामशाळेतून जागच्या जागी चालवायची सायकल आणली. पुढं पायडलला पक्कं जोडलेलं वीस किलोचं लोखंडी चाक, त्यावर टेकणारी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी आणि पट्टी आवळायची फिरती मूठ. तात्या हरखूनच गेले. जड चाक म्हणजे त्यांच्या माहेरचं माणूस! "अगं, याला एकदा गती आली की ते थांबायचं नाव घेत नाही. पट्टी त्याला घासून अडवते. जितकी आवळू, तितका तुझा जोर लागणार."

पहिले चार दिवस पाय अर्ध्यावर अडायचा, ती रडायची आणि पट्टी किंचाळायची. पाचव्या दिवशी तात्यांना ते ऐकवेना. हात खिशात गेला. दोन थेंब. मग आणखी दोन.

आणि काय सांगावं! चाक भिरभिरलं, पाय गरागरा फिरले. तात्या भिंतीवर खडूनं लिहू लागले: मूठ तीन फेरे, पाच फेरे, नऊ फेरे! पट्टीला जरा आवाज फुटला की पुन्हा थेंब. मुलीला फोन गेला, "तुझी आई आता शर्यतीत उतरते बघ!" बायको घामाशिवाय हसत होती. त्या कोरड्या कपाळाकडे या हुशार माणसाचं एकदाही लक्ष गेलं नाही.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरीणबाई घरी आल्या. दोन मिनिटं बघून म्हणाल्या, "काकू, आता जोर लावू नका. पाय नुसते ठेवा."

तिनं जोर सोडला. चाक फिरतच राहिलं, आणि त्याच्याबरोबर पायही.

"तुम्ही चाक फिरवत नाही आहात, चाक तुम्हाला फिरवतंय." बाईंनी पट्टीला बोट लावलं. बोट काळं, तेलकट.

"अहो! तेल घातलंत?" बायको म्हणाली.

"पट्टी ओरडत होती गं..." तात्यांनी खिशातली बुधली हातानं झाकली. सगळी घासण त्यांनीच मारून टाकली होती. बायकोच्या वाट्याचं काम तेलानं खाल्लं होतं.

बाईंनी गुडघा मोजला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "वाकतोय मात्र छान! अडायचा तिथून चाकानंच ओढून नेलं. पण जोर शून्य. आणखी तीन आठवडे देते, शेवटचे."

तात्यांनी त्याच दिवशी चाक पुसून लख्ख केलं, नवी पट्टी बसवली आणि बुधली बायकोच्या हवाली केली. पट्टी किंचाळायची, बायको दात-ओठ खायची, तात्या कानात कापूस घालून ओरडायचे, "हाण! अजून हाण!" मूठ एक फेरा. दहा दिवसांनी दोन. घाम टपटप जमिनीवर.

तीन आठवड्यांनी बाईंसमोर तिनं मूठ तीन फेरे आवळून वीस मिनिटं काढली. चाक थांबलं. तात्यांनी सवयीनं पट्टीला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"भाजलं! अगं, केवढी तापलीय! तू लावलेला जोरच आहे हा सगळा!"

"आता पुन्हा ऑपरेशन नाही," बाई म्हणाल्या.

बायकोचं तिकडं लक्षच नव्हतं. ती खाली उतरली, वाकली, आणि त्या तापल्या पट्टीवर स्वतःचा तळवा ठेवून, "आई गं" म्हणत, हसत तशीच उभी राहिली.