कासवाला सरकायला जागा

भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या वर्कशॉपमध्ये मी गेली पंचवीस वर्षं भट्ट्या सांभाळतो. गिअर, पिना, शाफ्ट असा माल लाल होईस्तोवर तापवायचा आणि तेलात बुडवायचा, हे आमचं काम. त्यामुळे उष्णता या विषयात घरात शेवटचा शब्द माझा, असा माझा समज होता. बाकीच्यांचा तो कधीच नव्हता, फक्त त्यांनी मला तसं बोलून दाखवलं नव्हतं.

लेक नववीत असताना तिची मैत्रीण बंगळुरूला राहायला गेली आणि तिचं कासव आमच्या रहाटणीच्या फ्लॅटमध्ये आलं. तळहाताएवढं, डोळ्यांमागे लाल पट्टा. दिवाळीपर्यंत ते माणसाची चाहूल लागली की काचेशी येऊन खायला मागायचं. थंडी पडली तसं तळाशी बसून राहू लागलं. आठवडाभर त्याने एक दाणा तोंडाला लावला नाही. लेकीचंही जेवण निम्म्यावर आलं. "बाबा, ते मरणार नाही ना?" असं ती रोज विचारायची, आणि मी जाणकाराच्या थाटात "बघू या" म्हणायचो.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "आजारी नाही, गारठलंय. याच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही, बाहेरून घ्यावी लागते. बसायला कोरडी जागा द्या, वर ऊब देणारा दिवा, तिथे बत्तीस अंश. आणि उन्हासारखे किरण देणारी खास ट्यूब मिळते, ती लावा." त्या पुढेही काही सांगत होत्या. पण बत्तीस हा आकडा कानावर पडला आणि माझ्या डोक्यात ड्रॉइंग तयार झालं. आकडा मिळाल्यावर ऐकायचं काय राहतं?

रविवारी काम काढलं. टाकीला चारी बाजूंनी थर्मोकोल, मधोमध विटेवर फरशीचा तुकडा, दोन्ही टोकांना दिवे, पाण्यात हीटर, वर काचेचं झाकण. ट्यूबला वाफ लागू नये म्हणून ती झाकणाच्या वर. मग वर्कशॉपमधून मागून आणलेल्या मीटरने नऊ ठिकाणी तापमान घेतलं. आमच्याकडे भट्टी पास करताना असंच मोजतात. एखादा कोपरा जरा कमी भरला तरी माल परत येतो. दिवे वरखाली करून दुपारपर्यंत नऊच्या नऊ ठिकाणी बत्तीस आणलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं.

"छान," बायको म्हणाली. "आता तेलात कधी बुडवणार?"

दोन दिवस कासव काचेवर पाय घासत राहिलं. लेक म्हणाली, "बाबा, त्याला बाहेर यायचंय."

"अगं, अंगात जोर आलाय त्याच्या."

तिसऱ्या दिवशी तो जोर संपला. मान लांब काढून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ते पडून होतं. लेक शाळेतून आली ती दप्तरासकट टाकीपुढे बसली. मी पुन्हा नऊ ठिकाणी मोजलं. बत्तीस. आकड्यात चूक नव्हती, आणि दुसरीकडे कुठे शोधायची हे मला शिकवलेलं नव्हतं.

माझे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, राजगुरुनगरजवळच्या गावाहून थंडीपुरते आमच्याकडे आले होते. सकाळी गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. ऊन पुढे गेलं की खुर्ची ओढत पुढे, पाठ तापली की ओढत मागे, भिंतीच्या सावलीत. त्या खरखरीवरून मी त्यांना रोज बोलायचो. त्यांच्या खोलीत चांगला हीटर लावून दिला होता, खिडकीच्या फटीही बुजवल्या होत्या. तिथे ते झोपण्यापुरतेच जात.

त्या संध्याकाळी ते टाकीपाशी आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "अरं, ह्यानं गार व्हायला कुठं जायचं?"

"आबा, त्याला ऊबच लागते."

"व्हय, पर ऊन खाऊन झालं की सावली लागती. हितं समदीकडं ऊनच हाय. त्याला सरकायला जागाच ठिवली न्हाईस तू."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अहो, मी तेच सांगत होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "बत्तीस फक्त दिव्याखाली. पाणी पंचविसाच्या आसपास आणि दुसरं टोक थंड. कुठे बसायचं ते त्याचं त्याला कळतं. आणि ट्यूब काचेच्या वर ठेवू नका हं, तिचे कामाचे किरण काच अडवते."

तेही करून झालं होतं. मी फक्त "हो, हो" म्हणालो.

लेकीने आणि मी मिळून थर्मोकोल उचकटलं. झाकण काढून जाळी टाकली. एका टोकाचा दिवा काढला, दुसऱ्या टोकाला फरशीचा तुकडा विटेसकट सरकवला, त्याच्यावर दिवा आणि ट्यूब. हीटर कमी केला. मोजलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा. असली भट्टी मी जागेवर बंद पाडली असती.

पुढचा दिवस त्याने नुसतं थंड कोपऱ्यात बसून काढला. तिसऱ्या सकाळी मी चहा घेत होतो तेव्हा लेक कुजबुजली, "बाबा, हलू नकोस." कासव फरशीवर चढलं होतं. मागचे दोन्ही पाय लांब पसरून, डोळे मिटून. अर्ध्या तासाने पाण्यात उतरलं, सावलीच्या टोकाला गेलं, थोडं थांबून काचेशी आलं. तिने दाणे टाकले. त्याने खाल्ले. मग तिने स्वतःचे पोहे संपवले, वर माझ्या ताटलीतलेही.

गॅलरीत खुर्ची खरखरली. मी उठलो आणि आबांच्या वाटेतलं कपडे वाळवायचं स्टँड बाजूला घेतलं. ते खुर्ची धरून उभेच राहिले.

"आज बोलत न्हाईस काय?"

"चहा गार होतोय," मी म्हणालो आणि आत आलो.