खिडकीबाहेरचा कावळा

सन १९८७. मी बावन्न वर्षांचा, शिक्षण दुसरी, आणि मला परदेशी सिनेमाला नेण्यात आलं. ठाण्यातल्या सिनेमाप्रेमी मंडळाचे दोन पास होते. मुलाला ड्यूटी लागलेली, म्हणून सून म्हणाली, "बाबा, तुम्ही चला. फार दुर्मिळ सिनेमा आहे." दुर्मिळ का, ते बसल्यावर कळलं. पुन्हा कोण बघणार?

खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. बाकीचे वाचत होते, मी बघत होतो. युरोपातलं जुनं घर, आई वारलेली. मुलगे लांबून आलेले, टेबलाभोवती सूप पितायत, एकमेकांशी शब्द नाही. एवढं कळायला माझी दुसरीसुद्धा जास्तच झाली. मग एकानं खिडकीबाहेर पाव ठेवला. समोर फांदीवर काळा पक्षी. बघतोय, पण उतरत नाही. आणि हे ढिम्म!

आमच्या कोळीवाड्यात पिंडाला कावळा शिवला नाही, तर मेलेल्याची राहिलेली इच्छा घरच्यांनी मोठ्यानं कबूल करायची असते. मी उभाच राहिलो. "अरे, आईला काय पाहिजे होतं ते बोला की! त्याशिवाय शिवणार नाही तो!"

"शूऽऽ!" एक दाढी म्हणाली. सुनेनं शर्ट धरून मला बसवलं. पक्षी उडून गेला. मी सांगितलेलं.

नंतर चर्चा. त्याशिवाय त्यांना सिनेमा पचत नाही. दाढी म्हणाली, तो पक्षी म्हणजे काळाचं प्रतीक. सगळ्यांनी माना हलवल्या.

रिक्षात सून हळूच म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षी आजींच्या पिंडालाही शिवला नव्हता ना? भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला."

"मग?"

"तेव्हा तुम्ही दोघं भाऊ काय बोललात?"

"रिक्षावाले, डावीकडे घ्या," मी म्हणालो.

आईची इच्छा एकच होती. वाटणीत धाकट्यानं मधलं दार विटांनी बुजवलेलं, ते उघडावं. घाटावर मी म्हटलं, बुजवलं त्यानं, तो बोलेल. तो म्हणे, मोठा हा, हा बोलेल. कावळ्यानं तरी किती थांबायचं? त्यालाही संसार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, मी छिन्नी-हातोडा घेतला. सिनेमामुळे नव्हे, हां. बुजवलेल्या दारासमोर उभा राहिलो आणि कौलावर ऐकू जाईल असं ओरडलो, "आईला दार उघडं पाहिजे होतं. उघडतोय!"

 पलीकडून धाकट्याचा आवाज, वर्षभरानंतरचा पहिला.

"घाव हळू घाल, दादूस. विटा माझ्या आहेत."

मी हळू घातले नाहीत.