चहा नको बाईंचा अहवाल

बाईंचं खरं नाव कोर्टात कुणालाच आठवत नसे. बावीस वर्षं त्यांचं काम एकच: गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाच्या घरी जायचं, घर बघायचं, माणसं बघायची आणि जामिनाच्या आधी न्यायाधीशांना अहवाल द्यायचा. प्रत्येक घरी चहा पुढे यायचा आणि बाई म्हणायच्या, "चहा नको." चहा पोटात गेला की अहवाल मऊ पडतो, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्या 'चहा नको बाई' झाल्या त्या झाल्याच.

त्या दिवशीचा मुलगा पंधरा वर्षांचा होता. तिघा मोठ्यांबरोबर दुकान लुटायला गेला, झटापटीत दुकानदाराला सुरा लागला. दुकानदार नशिबाने वाचला. मुलगा सतरा दिवस निरीक्षणगृहात होता आणि उद्या जामिनाची सुनावणी होती. जामीन नाकारला, तर खटला संपेपर्यंत तो तिथेच राहणार होता.

घरात पाऊल टाकताच बाईंनी ओळखलं, इथे तालीम झालेली आहे. आई, वडील, काका आणि आजी ओळीने बसलेले. टेबलावर मुलाची सगळी प्रमाणपत्रं मांडलेली, त्यात गोवराच्या लशीचं कार्डही होतं.

काकाच्या वाट्याला पहारेकऱ्याची भूमिका आली होती. त्याने खिशातून भलंमोठं कुलूप काढलं.

"मॅडम, आमचं घर एकदम कडक. दिवसरात्र कोंडून ठेवतो. वर रोज दोन रट्टे."

"कोंडायचंच असेल तर सरकारकडे सोय आहे की," बाई म्हणाल्या. "त्यासाठी तुमचं घर कशाला?"

काकाने कुलूप गुपचूप खिशात घातलं. बिचाऱ्यांची समजूत अशी, की गुन्हा मोठा म्हणजे घरही तुरुंगासारखं हवं. न्यायाधीश मात्र आधी हे बघणार होते, की सुटल्यावर पोरगा पुन्हा त्याच टोळक्याच्या हाती लागतो का.

"संगत कशी आहे त्याची?"

"चांगली," तिघं एका सुरात म्हणाली.

आजीला तोंड मिटून बसायची ताकीद होती. ती तिने बराच वेळ पाळली, म्हणजे चांगली चार मिनिटं.

"चांगली कसली डोंबलाची? त्याला घेऊन गेला तो वरच्याच मजल्यावर राहतो. सुटूनही आला. रोज संध्याकाळी दारात उभा राहून विचारतो, पोरगं कधी येतंय म्हणून."

वडिलांनी कपाळाला हात लावला. बाईंना आजी फार आवडली आणि म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

"हे मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या. "त्याला या घरी सोडू नये, असंही लिहावं लागेल. लांब राहणारं जवळचं कुणी आहे का?"

सगळ्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पंख्याकडे पाहिलं. त्यांची बहीण होती, तीन तासांच्या अंतरावर, स्वतःची बेकरी चालवणारी. पण अकरा वर्षं अबोला. तिने नेलेला कुकर शिट्टीशिवाय परत आला, शब्दाने शब्द वाढला आणि दोन घरं तुटली ती तुटलीच.

"मरेन, पण तिला फोन करणार नाही."

"बरं, तसं लिहिते," म्हणत बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

वडिलांनी फोन लावला. "मी बोलतोय," एवढंच म्हणाले आणि पुन्हा पंख्याकडे बघू लागले. आईने फोन हिसकावून घेतला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला, "किती वाजता यायचं कोर्टात?"

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांनी गुन्हा किती गंभीर आहे ते तीनदा सांगितलं.

"गंभीर आहेच," न्यायाधीश म्हणाले. "त्याचा निवाडा खटल्यात होईल. आज मला एवढंच बघायचंय, की हा कुणाच्या नजरेखाली राहील."

मागच्या बाकावरून आत्या उठली. तिच्या बाहीला अजून पीठ होतं. जामीन मंजूर झाला. मुलाने आत्याकडेच राहायचं, आपल्या वस्तीत पाऊल टाकायचं नाही आणि महिन्यातून एकदा बाईंसमोर हजर व्हायचं.

म्हणजे पोरगा सुटला, पण घरी येणार नव्हता. कोर्टाच्या दारात आई त्याला सोडायलाच तयार नव्हती. वडील बहिणीसमोर जाऊन उभे राहिले. बाई दोन पावलांवर होत्या, पण त्यांनी फायलीत डोकं खुपसलं.

"एका हाकेत जेवायला येत नाही तो," वडील म्हणाले. "दोनदा हाक मारावी लागते."

"तुला तीनदा मारावी लागायची," आत्या म्हणाली आणि तिने मुलाची पिशवी उचलली.