कमलाकांतपंतांचा ढेकूण

दिवाळी होऊन गेली, तुळशीचं लग्न लागलं, संक्रांत तोंडावर आली, तरी कमलाकांतपंत अमरावतीला निघालेलेच होते. अकोला स्टेशनावरच्या थर्ड क्लासच्या मुसाफिरखान्यात, भिंतीकडच्या बाकावर, मांडीशी गाठोडं आणि डोक्यावर काळी टोपी घेऊन ते बसलेले असत. कुणी विचारलंच तर सांगत, थोरले बंधू अमरावतीला वकील आहेत, त्यांच्याकडे निघालोय, आताची गाडी जरा चुकली. बंधू वकील होते हे खरं. त्यांनीच पातूरच्या घराची वाटणी अशी चोख केली होती की पंतांच्या वाट्याला हे गाठोडं आलं. शाळेतली मास्तरकी त्याआधीच एका भांडणात गेली होती. पण हे सांगायचं म्हणजे आपल्याला घर नाही हे कबूल करावं लागतं, आणि पंत एक वेळ उपाशी राहतील, कबूल करणार नाहीत. ते आडवेसुद्धा होत नसत. आडवे होतात ते भिकारी, बसून डुलक्या घेतो तो प्रवासी, अशी त्यांनी स्वतःच्या सोयीची व्याख्या करून ठेवली होती.

बाकावर बसून त्यांना जगाची अक्कल दिसे आणि तिची कीव येई. मुसाफिरखान्यात अंगावर काहीही चढो, एखाद्या वकिलाला ती पिसू वाटे, पाटलाला गोचीड. बिचारा पैसा किडा गोल गुंडाळून पडलेला दिसला की गोम गोम म्हणत लोक जोडे उगारीत. माणसांच्या बाबतीतही तेच. कोपऱ्यात कुणी निजलेला दिसला की एकाच्या मते तो दारुडा, दुसऱ्याच्या मते चोर, तिसऱ्याच्या मते सरकारचा गुप्त हेर. पंत हसत. हसण्याचा मक्ता त्यांना कुणी दिला होता कोण जाणे, कारण कोपऱ्यातल्या तानुबाईविषयी त्यांचंही मत तयारच होतं: भटकभवानी.

तानुबाई माळ्याची. पातूर रस्त्याला तिचा मळा होता; नवरा गेल्यावर पुतण्यांनी तो गिळला. दिवसा ती स्टेशनाबाहेर मेथी-वांगी विकी आणि दिवेलागणीला येऊन टोपलीशी पाय मुडपून निजे. रोज अर्धी भाकर पंतांपुढे सरकवी. आसपास कुणी नसलं की पंत खात. कुणी असलं की मला भूक नाही म्हणून तोंड फिरवीत, आणि तो माणूस गेला की पुन्हा भाकरीकडे वळत. असला हा सोवळेपणा.

पौषात कापसाचा हंगाम भरात आला. मुसाफिरखान्याला लागूनच एका शेठजीच्या कापसाच्या बोऱ्यांची थप्पी लागली आणि सरकीतले करडे किडे भिंतींवरून, बाकांवरून, धोतरांवरून फिरू लागले. हा किडा न ओळखणारं शेंबडं पोरही वऱ्हाडात सापडायचं नाही. पंतांचं तर बालपण माजघरातल्या कापसाच्या ढिगावर लोळण्यात गेलेलं. पण स्टेशनमास्तर नवा होता, मद्रासकडचा. त्यानं कापूस पाहिला होता तो पावत्यांवर.

अशात एके दिवशी तेल्हाऱ्याचे खुशालराव नावाचे एक गृहस्थ गाडीची वाट पाहत पंतांशेजारी टेकले. मागच्या महिन्यात याच बाकावर आपली भेट झाली होती, असं ते म्हणाले, आणि त्यांची नजर गाठोड्यावरून पंतांच्या मळक्या कॉलरवर गेली. पुढचा प्रश्न काय येणार ते पंतांना कळलं. त्यांनी घाईघाईनं बाकावरचा एक किडा बोटानं दाखवला आणि मोठ्यानं सांगितलं की हे ढेकूण, त्या कोपऱ्यातल्या बाईनं आणलेले; बिनतिकिटाची माणसं इथे बिऱ्हाड थाटतात म्हणून आपल्यासारख्या प्रवाशांचे असे हाल. खुशालरावांनाही किडा कोणता ते दिसत होतं. तरी ढेकूण म्हटल्याबरोबर तेही मांडी खाजवू लागले. ढेकूण म्हटला की कुणाकडे तरी बोट दाखवता येतं. कापसाच्या किड्यासाठी कुणाला धरणार? कापूस तर शेठजीचा.

एवढ्यावर थांबले तर ते पंत कसले. खुशालरावांना घेऊन ते तडक स्टेशनमास्तरच्या खोलीत शिरले आणि त्यांनी इंग्रजीत तक्रार केली. इंग्रजी बऱ्याच दिवसांनी बोलायला मिळाल्यामुळे ती जरा लांबली.

खुशालराव गाडीत बसून गेल्यावर तानुबाई जवळ आली. "पंत, हा ढेकून नोये, सरकीचा किडा हाये. तुमाले का मालूम नाई?"

"मला शिकवू नकोस," पंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनमास्तर एका शिपायाला घेऊन आला. फिनेल टाकायचं होतं, आणि हुकूम सरळ होता: तिकीट दाखवा, नाही तर बाहेर व्हा. हुकूम आपल्याला नाहीच अशा थाटात पंत ताठ बसून मजा बघू लागले. शिपाई आधी तानुबाईकडे गेला. तिनं कनवटीची चंची सोडून बोरगावचं तिकीट काढून दाखवलं. ती रोज एक तिकीट काढी, पुढच्याच स्टेशनाचं, आणि कुठेच जात नसे. छपराखाली निजायचं तर भाडं द्यावं लागतं, असा तिचा साधा विचार. पंतांना हे आज पहिल्यांदा कळत होतं. इतके दिवस तिची भाकर खाल्ली, पण तिची विचारपूस करायची त्यांची रीत नव्हती.

मग शिपाई त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. पंतांनी कोटाचे खिसे चाचपले, मग तेच खिसे पुन्हा चाचपले. शिपायानं गाठोडं उचललं तेव्हा त्यातून दोन किडे खाली पडले. स्टेशनमास्तर मागे सरकला. कालची तक्रार ह्याचीच, हे त्यानं ओळखलं आणि तो हसला. सगळा मुसाफिरखाना पंतांकडे बघत होता.

तानुबाई उठली. "सायेब, हा ढेकून नोये, कापसातला किडा हाये. अन् हे माह्या संगं हायेत. माहे भाऊ होत. त्याइचं तिकीट मी काढीन."

पंतांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण चार माणसं ऐकत होती, आणि त्यांच्यादेखत माळणीचा भाऊ व्हायचं हे पंतांच्या गळ्याखाली उतरेना. त्यांनी टोपी सारखी केली.

"मी या बाईला ओळखत नाही," ते म्हणाले.

शिपायानं तानुबाईकडे पाहिलं. ती पंतांकडे क्षणभर नीट बघत राहिली.

"बराबर हाये," ती म्हणाली. "मीबी त्याले नाई ओयखत."

शिपायानं गाठोडं दाराबाहेर ठेवलं, आणि तानुबाई मेथीच्या जुड्या बांधायला खाली बसली.