पडीक म्हणजे काय

काकाला माणसं ओळखता येतात, पण मोहाच्या झाडावरून पडल्यापासून व्यवहार कळत नाही. समोरच्यानं गोड बोलून कागद पुढं केला की हा अंगठा द्यायला तयार. मूलबाळ नाही, काकू केव्हाच गेलेली. म्हणून त्याची मिळकत सांभाळायला कोर्टानं माझ्या थोरल्या भावाला पालक नेमलं. दादा मोखाड्याला कारकून, मी आश्रमशाळेत शिक्षिका. घरातलाच शिकलेला माणूस म्हणून पाड्यावर सगळ्यांना बरं वाटलं, मलाही.

दादा दरसाल कोर्टात हिशेब द्यायचा. हिशेब चोख. काका जेवतो का, कुठं जातो, हे मात्र त्याला कोणी विचारलं नाही.

यंदा त्यानं अर्ज टाकला. सूर्यमाळच्या बाजूची काकाची डोंगरउताराची जमीन एका तंबूवाल्या हॉटेलला लांब मुदतीनं भाड्यानं द्यायची परवानगी हवी. कारण काय, तर जमीन पडीक आहे!

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आमच्याकडे उतारावर एका साली नाचणी, मग वरई, मग खुरासणी, आणि मग जमीन दमली म्हणून काही वर्षं तशीच सोडतात. तिला आम्ही पडीक म्हणतो. शहरात पडीक म्हणजे निकामी. दादाला दोन्ही अर्थ ठाऊक. एक अक्षर खोटं न लिहिता कुंपणानं शेत खायला काढलं होतं.

काका आजही रोज काठी टेकत त्या उतारावर जातो, बैलासाठी गवत आणतो. एखादा दिवस घरात अडकवला तर ताटाला हात लावत नाही. तिथं तंबू लागले तर ह्या माणसानं जायचं कुठं? अर्जात त्यावर एक ओळ नव्हती.

मी हरकत घेतली. तारखेला दादा काकाला नवा शर्ट घालून घेऊन आला. न्यायाधीश मॅडमनी मायेनं विचारलं, "बाबा, तुमची डोंगरावरची जमीन पडीक आहे का?"

काका खुलला. "हां, पडीक हाय. बेस पडीक हाय."

दादा खाली बघून हसला. त्या हसण्याबद्दल मी त्याला कधीही माफ करणार नाही.

"मॅडम, हा प्रश्न काकाला नको, दादाला विचारा!" मी उभी राहून ओरडले. दटावणी खाल्ली. पण मॅडम दादाकडे वळल्या.

"पडीक जमीन तुमच्याकडे पुन्हा पेरतात?"

"पूर्वी पेरायचे."

"ही पेरता येईल?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी त्याच उतारावर नाचणी खुडली होती. खोटं बोलायची हिंमत त्याला झाली नाही. "येईल," तो म्हणाला.

अर्ज फेटाळला. पालक मात्र दादाच राहिला. त्याला काढायचं तर वेगळा अर्ज, वेगळ्या तारखा. शिवाय हिशेबात खोट नाही आणि माझी नोकरी बदलीची. म्हणजे चोराच्या हातून किल्ली सुटली नाही, फक्त एक कुलूप वाचलं.

बाहेर मोटरसायकलवर बसत दादा म्हणाला, "त्याच्या भल्यासाठीच करत होतो."

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. "काका, तू माझ्याबरोबर एसटीनं चल."

काका तोवर दादाच्या मोटरसायकलवर मागं बसलाही होता. त्यानं मान हलवून नको म्हटलं आणि पडू नये म्हणून दादाच्या पोटाला दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली.