चौथं कारण

माझ्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणतात. लहानपणी ती बारीक होती आणि सतत काहीतरी उचलून इकडचं तिकडे करायची. आता एकतीस वर्षांची झाली, कोर्टात स्टेनो आहे, आणि अजूनही बारीकच आहे. न्यायाधीशसाहेब बोलतात, ती लघुलिपीत उतरवून घेते, मग टाइप करते. सांगायला एवढंच काम.

लघुलिपीच्या वर्गात तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हात थांबवायचा नाही. शब्द सुटला तर सुटू दे, हात चालता ठेव आणि पुढचा पकड. थांबलीस की दहा शब्द गेले. तेव्हा ती सरावासाठी माझं बोलणं उतरवून घ्यायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "बादली रिकामी कुणी ठेवली? या घरात मी एकटीच राहते का?" आणि रात्री जेवताना ती वही उघडून तेच्या तेच, माझ्याच सुरात, बाबांना वाचून दाखवायची. हे हसून हसून पाणी सांडायचे.

वर्षानुवर्षं लिहून तिच्या खुणा आता तिच्याच झाल्यात. तिच्या जुन्या सरांना एकदा वही दाखवली तर म्हणाले, "हे काय, कोंबडी चालून गेली का यावरून?" त्यामुळे वही तिच्याकडेच असते. दुसऱ्या कुणाला तिचा उपयोग नाही.

तर ती औषधदुकानाची केस. दुकानदार आणि त्याची बायको, दोघांना दुकान बंद करतानाच मारलं. मारणारा त्यांच्याकडेच सहा वर्षं घरोघर औषधं पोचवणारा माणूस. गुन्हा शाबीत झाला होता, शिक्षा तेवढी सांगायची राहिली होती. सोमवारी अकरा वाजता सांगणार होते. तोवर गावात दुसरा विषय नव्हता. आमच्या जेवणाच्या टेबलावरही नव्हता.

"लटकवा," हे म्हणाले. हे बस डेपोत वेळेची नोंद ठेवायचे. यांना सगळं वेळच्या वेळी लागतं. "दोन जीव घेतले. आता कसली वाट बघतात?"

वन्सं, म्हणजे यांची थोरली बहीण, चौतीस वर्षं परिचारिका होत्या. त्या म्हणाल्या, "तू कधी माणूस मरताना पाहिलास का रे? कोंबडी कापायची तर तू रस्त्यावर जाऊन उभा राहायचास."

"तिच्यायला, इथे कोंबडीचा काय संबंध?"

"संबंध हाच, की तुला ते दुसऱ्याकडून करून हवंय."

"आणि त्या दुकानदारीणबाईची आई? तिला काय सांगशील, ताई? जगू दे त्याला, दोन वेळ जेवू दे?"

वन्सं म्हणाल्या, "तिला मी काहीच सांगणार नाही. तिच्याशेजारी बसेन फार तर."

मी दोघांनाही भाजी वाढली. मला विचारलं असतं तर दोघांचंही बरोबर वाटतंय असंच म्हणाले असते. मुंगी ताटाकडे बघत होती. तिने तोंडाला कुलूप लावलेलं. केस चालू असताना ती घरात कोर्टाचा शब्द काढत नाही. पण तो शुक्रवार होता, आणि शुक्रवारी दुपारी साहेबांनी तिला शिक्षेचं निकालपत्र उतरवून घ्यायला सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. म्हणजे टेबलावर भांडणाऱ्या दोघांना जे हवं होतं, ते तिच्या पिशवीत होतं. तिने दोन घास खाल्ले आणि उठली.

शनिवारी ती कोर्टात टाइप करायला गेली आणि चार वाजता परत आली. चेहरा पडलेला. "काम झालं?" "होत आलंय." रविवारी दुपारी हे आणि वन्सं झोपल्यावर ती वही घेऊन स्वयंपाकघरात आली आणि दार लोटलं.

"आई, एक ओळ वाचता येत नाहीये."

तिने पानाचा वरचा आणि खालचा भाग दोन्ही तळव्यांनी झाकून धरला होता. जणू मला वाचता येणार होतं! मधे एक ओळ, वेलांट्या आणि वळणं.

"साहेब कारणं सांगत होते," ती म्हणाली. "एक, दोन, तीन. तिसऱ्याला मला कळलं की हे कुठे चाललेत. चौथं कारण मी ऐकलंच नाही. पण हात थांबला नाही. सवयीने चालत राहिला. आता बघते तर यात एकही शब्द नाही. सात कारणं आहेत, मधलं चौथं नाही."

ती काय शिक्षा होती, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"मग साहेबांना फोन कर."

"त्यांना परत विचारलेलं चालत नाही. मागच्या स्टेनोची यावरूनच बदली झाली. आणि शनिवारी मी त्यांना सांगून बसले की काम पूर्ण होतंय म्हणून."

माझ्या डोळ्यांसमोर बदली आली. तीनशे कोस लांबची खोली, एकटी मुलगी, डब्याचे हाल. आणि मी, कॉलेजातून पदवी घेतलेली बाई, म्हणाले, "अगं, मग अंदाजाने भरून टाक. इतकी वर्षं त्यांचं ऐकतेस. ते काय म्हणाले असतील हे तुला कळत नाही का?"

"कळतं ना," मुंगी म्हणाली. "अगदी त्यांच्यासारखंच लिहिता येईल मला. त्यांनाही ओळखू येणार नाही."

"मग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ती लहान असताना मी यांच्या खिशातून पैसे काढताना तिने मला पाहिलं होतं, तसं. मग वही मिटली आणि कपडे वाळत घालायला गेली.

सोमवारी ती सातलाच बाहेर पडली. डबा विसरली. साडेदहापासून हे टीव्हीसमोर घड्याळ हातात घेऊन बसले होते. अकरा वाजून बावीस मिनिटांनी बातमी आली. फाशी.

मला वाटलं होतं हे टाळी वाजवतील. यांनी टीव्ही बंद केला, घड्याळ मनगटावर चढवलं आणि म्हणाले, "बावीस मिनिटं उशीर." मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. वन्सं म्हणाल्या, "अजून वरच्या कोर्टात जाईल ते. तिथे कागद न् कागद वाचतात." कुणाशी बोलल्या कोण जाणे.

मुंगी संध्याकाळी आली. मी चहा ठेवला. तिने आपणहूनच सांगितलं.

"नऊला साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, चौथं कारण माझ्याकडून सुटलंय. ते म्हणाले, लिहा, सांगतो. आणि थांबले. मी पेन घेऊन बसलेली. त्यांनी तिसरं वाचलं, पाचवं वाचलं. खिडकीशी गेले. परत आले. मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं, मी काय म्हणालो असेन?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माहीत नाही, साहेब."

"चिडले?"

"चिडले असते तर बरं झालं असतं. अर्धा तास बसून होते, आई. त्यांना आठवलं नाही. शेवटी म्हणाले, जे आठवत नाही ते नव्हतं असं धरा, पुढचे आकडे बदला. मी बदलले. सहा कारणं झाली. बाहेर बाकावर त्या दोघी आया बसलेल्या होत्या, एकीची मुलगी गेलेली, दुसरीचा मुलगा आत. बाक एकच आहे तिथे. मी त्यांच्या समोरून कागद घेऊन गेले. साहेबांनी सहाच्या सहा वाचली आणि फाशी सांगितली."

"म्हणजे ती ओळ न भरून काही फरक..."

"नाही पडला," ती म्हणाली. "पण त्या कागदात माझं काही नाहीये."

मी मान हलवली. तिने माझं ऐकलं असतं तर वरच्या कोर्टातल्या साहेबांनी आमच्या स्वयंपाकघरातली एक ओळ वाचली असती, आणि ती माझी असती. तेव्हापासून हेच माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरतंय.

"कामावरून काही बोलले का?"

"उद्या दहाला या म्हणाले. नवीन केस आहे."

तिने पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि या वेळी काहीच न झाकता माझ्यासमोर धरलं. चौथ्या कारणाच्या ओळीवर बोट ठेवलं. वेलांट्या सुरेख होत्या, एकसारख्या, कुठे अडखळलेल्या नाहीत.

"बघ ना," ती म्हणाली. "नुसता हात चाललाय."